पंगतीला नको, कामाला बोलवा

"सर, आमचं गाव सेलू तालुक्यात. आमचे मालक आणि मोठे भावजी, दोघांनी पंचवीस वर्षं एकाच पक्षाचं काम केलं. एकच जीप, एकच झेंडा. पक्ष फुटला तेव्हा भावजी एकीकडे राहिले, मालक दुसरीकडे गेले. तरी बोलणं चालू होतं. २०२४ च्या विधानसभेला मात्र सगळं बिघडलं. भावजींच्या थोरल्या पोरानं भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मालकांचा फोटो टाकून वर 'गद्दार' लिहिलं. निकालाच्या दिवशी त्यांची मिरवणूक आमच्या दारावरून गेली, दारात डीजे थांबवला, ओसरीपर्यंत गुलाल उधळला. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद आहे.

विहीर सामाईक, मोटर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. मालकांनी ईर्षेनं आपल्या वाट्यात बोअर घेतला. पाचशे फूट खाली नुसता फुफाटा निघाला, लाखाच्या वर पैसे गेले. मागच्या रब्बीत डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तेव्हा वर्गणी करून दोघं एकाच टेम्पोत ती आणायला गेले, पण परभणीपर्यंत एक शब्द नाही. ड्रायव्हर सांगत होता, भावजींनी न बोलता तंबाखूची पुडी पुढं केली आणि मालकांनी चिमूटभर घेतली.

आता तुळशीच्या लग्नानंतर मोठ्या मुलीचं लग्न धरलंय. मालक म्हणतात, पत्रिकेत त्याचं नाव टाकायचं नाही. मला वाटतं, बोलवावं, एका पंगतीला बसवावं, म्हणजे मिटेल. धाकटी मुलगी संभाजीनगरला एम.ए. करते. ती म्हणते, पक्षापायी घरं तुटतात ह्यावर परदेशात संशोधन झालंय. खरं आहे का ते? आणि मी काय करू?"

ताई,

मुलगी म्हणते ते खरं आहे. पण आधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल बोलू द्या. तंबाखूच्या पुडीची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. मी जन्मभर वर्गात तंबाखूच्या विरोधात बोललो, पण त्या चिमटीच्या विरोधात मी नाही. माझं अर्धं उत्तर त्या टेम्पोत आहे. तिथं परत येतो.

मुलीला सांगा, ह्या विषयाला अभ्यासक 'भावनिक ध्रुवीकरण' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. दोन माणसांची मतं वेगळी असणं हा एक प्रकार. मतं बदललेली नसताना समोरच्याचं तोंड बघवेनासं होणं हा दुसरा. बराच काळ अभ्यासकांची समजूत अशी की पहिलं वाढलं म्हणून दुसरं वाढतं. २०१२ मध्ये शांतो अय्यंगार, गौरव सूद आणि इफ्ताख लेल्केस ह्या तिघांनी अमेरिकेतली जुनी-नवी पाहणी शेजारी ठेवली आणि दाखवलं की तसं नाही. माणसं धोरणांवर फारशी लांब गेली नव्हती, मनानं मात्र पार लांब गेली होती. त्यांनी वापरलेला एक प्रश्न तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: तुमच्या मुलानं किंवा मुलीनं विरोधी पक्षाच्या घरात लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० मध्ये तिकडे शंभरातली चार-पाच माणसं 'हो' म्हणत. २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅट पक्षाचे एक तृतीयांश लोक नाखूश होते. पन्नास वर्षांत पक्ष हीच जणू जात झाली.

आणखी एक मोजमाप आहे. तिकडे लोकांना विचारतात, शून्य ते शंभर अंशांच्या तापमापकावर ह्या पक्षाबद्दल तुम्हाला किती ऊब वाटते? समोरच्या पक्षाला १९७० च्या दशकात पन्नाशीच्या जवळपास अंश मिळायचे, २०२० पर्यंत ते विशीच्या घरात आले. गंमत अशी की आपल्या पक्षाबद्दलची ऊब काही वाढली नाही. प्रेम आहे तेवढंच राहिलं, राग तेवढा वाढला.

आता तुमच्या घराकडे बघा. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. तुमच्या घरातले दोघं ह्यातल्या कोणत्या पक्षाचे ते तुम्ही लिहिलं नाही, मला जाणून घ्यायचंही नाही. पण जून-जुलैच्या आदल्या दिवशी त्या दोघांचं कापसाच्या भावावर, पीकविम्यावर, रात्रीच्या लाइटवर जे मत होतं, तेच दुसऱ्या दिवशी होतं. बॅनरवरचे जुने फोटोसुद्धा दोन्हीकडे तेच. अमेरिकेतल्या अभ्यासकांना जे सिद्ध करायला पन्नास वर्षांची आकडेवारी लागली, ते आपल्याकडे एका रात्रीत दिसलं. मत तसूभर हललं नाही आणि भावाला भाऊ नकोसा झाला.

म्हणून पहिली गोष्ट: कोण बरोबर आणि कोण गद्दार, ह्याचा निवाडा तुमच्या घरात करू नका आणि कोणाला करू देऊ नका. भांडण त्यावर नाहीच. मालकांना समोरच्या बाजूचे व्हिडिओ दाखवून 'बघा, त्यांचंही ऐकून घ्या' असं तर मुळीच करू नका. तुमची धाकटी हे करत असेल अशी मला शंका आहे, कारण शिकलेली पोरं हमखास करतात. २०१८ मध्ये ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या लोकांना पैसे देऊन महिनाभर विरोधी विचारांचा मजकूर वाचायला लावला. वाटलं होतं, मनं जरा मऊ होतील. रिपब्लिकन लोक उलट आणखी कडक झाले.

सगळं त्या मोबाईलनं बिघडवलं, असं तुम्ही लिहिलं नाही ह्याचं मला कौतुक वाटलं, कारण येणाऱ्या दर तिसऱ्या पत्रात ते असतं. अमेरिकेत १९९६ ते २०१६ ह्या वीस वर्षांत ही कटुता सर्वांत जास्त वाढली ती म्हाताऱ्या माणसांत, म्हणजे इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्यांत. मोबाईल पोराच्या हातात होता, पण 'गद्दार' हा शब्द त्यानं मोबाईलकडून घेतला नाही. तो सभेत, पारावर, टीव्हीवर मोठ्या माणसांच्या तोंडून आला.

दुसरी गोष्ट बोअरची. हे वाचून तुम्हाला राग येईल, पण मालकांचा बोअर मी आधी पुस्तकात पाहिला आहे. हेन्री ताजफेल नावाचे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं जवळजवळ सगळं घरदार हिटलरच्या काळात मारलं गेलं. माणूस गट करून दुसऱ्याचा द्वेष कसा करतो, हा त्यांचा पुढच्या आयुष्याचा प्रश्न झाला. १९७० च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ली आवडला, तुला कँडिन्स्की. प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली होती. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. मग त्यांना पैसे वाटायला दिले. मुलांनी काय करावं? आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्या गटाला आपल्यापेक्षा कमी मिळाले पाहिजेत, अशा वाटण्या पुष्कळांनी केल्या. तुमच्या मालकांना लाखाच्या वर गेल्याचं दुःख किती आहे आणि भावाच्या पाळीवर अवलंबून राहायचं नव्हतं म्हणून बोअर घेतल्याचं समाधान अजून किती शिल्लक आहे, ते तुम्हीच जाणता. ह्यावरून त्यांना बोलू नका. कोरड्या बोअरवरून नवऱ्याला टोमणे मारायचा मोह आवरणं अवघड आहे, तरी आवरा.

आता पंगत. तुमची कल्पना मला मनापासून आवडली, आणि ती चालणार नाही.

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ ह्या तुर्की वंशाच्या अभ्यासकानं अकरा-एक वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर घेतलं. सगळी एकाच थरातली, एकसारखी. त्यांचे दोन गट केले, एकानं आपलं नाव 'रॅटलर्स' ठेवलं, दुसऱ्यानं 'ईगल्स'. स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. आठवड्याभरात झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शेरीफ यांनी तुम्ही म्हणता तेच केलं. दोघांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. पोरांनी एकमेकांच्या अंगावर उष्टं-खरकटं फेकलं. एका ताटाला बसवल्यानं मन जुळतं ही आपली समजूत आहे. मन जुळलेलं असलं तर पंगत गोड होते, एवढंच. नाहीतर पंगतीत काय होतं ते मी सांगायला नको. बुंदी कोणाच्या पानात आधी पडली, इथून सुरू होतं.

मग जमलं कशानं? शिबिराच्या पाण्याच्या टाकीचा नळ बंद पडला (तो शिबिरवाल्यांनीच बंद पाडला होता) आणि दोन्ही गटांना मिळून लाइन तपासत जावं लागलं. पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी सोबत जल्लोष केला. संध्याकाळी जेवताना पुन्हा शिव्या सुरू! हे मी मुद्दाम सांगतोय. एका कामानं भागलं नाही. पुढं सिनेमासाठी वर्गणी करावी लागली, बंद पडलेला ट्रक दोरानं ओढावा लागला, असं एकामागून एक होत गेलं, तेव्हा कुठं शेवटी मुलं एकाच बसमध्ये बसून घरी जायला तयार झाली.

तुमची डीपी म्हणजे त्यांची टाकी. टेम्पोतली चिमूट म्हणजे नळाला पाणी आल्यावरचा जल्लोष, फक्त आपल्या पद्धतीचा, मुका. तो दुसऱ्या दिवशी टिकला नाही म्हणून तुम्ही त्याला किंमत दिली नाही. एका डीपीनं एवढंच होतं.

ह्याच शेरीफ यांनी आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग केला होता. त्याची हकीकत लोक कमी सांगतात, कारण तो फसला. तिथं मुलांची आधी सगळ्यांशी मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले. शिबिरवाल्यांनी एकाचं सामान विस्कटून दुसऱ्यावर नाव घालायचे डाव केले, पण पोरांनी ओळखलं की हे मोठ्या माणसांचंच काम आहे. भांडायला ती तयारच होईनात. प्रयोग गुंडाळावा लागला. तुमच्या घरातले दोघं तर एका विहिरीत पोहायला शिकलेले असतील. पाणी आटलंय असं मी तरी धरून चालत नाही.

तेव्हा मोठ्या भावजींना लग्नाचं आमंत्रण देऊ नका. काम द्या. पत्रिका छापायला टाकायच्या आधी तुम्ही स्वतः जा. मालकांना सांगून जा, लपून नको. आणि 'लग्नाला या' म्हणू नका, कारण त्याला 'बघू' हे उत्तर तयार असतं. म्हणा, 'मांडवाच्या दिवशी पाण्याचं कसं करायचं? दोन टँकर लागतील का तीन? लाइट गेली तर?' तुमच्या भागात तुळशीच्या लग्नानंतर विहिरीत पाणी असतं, पण हरभरा-ज्वारीच्या पाळ्याही तेव्हाच असतात. ती पाळी पुढं-मागं करायची तर दोघांना ठरवावीच लागेल. हे खरं काम आहे, नाटक नाही. आणि एक नाही, तीन-चार द्या: मुहूर्तमेढ, आचाऱ्याशी बोलणं, व्याह्यांना घ्यायला वेशीवर जाणं. मुलगी 'मोठे बाबा' म्हणत असेल तर तिला सोबत न्या, पण तिला रडायला लावू नका. पोरीच्या डोळ्यातल्या पाण्यानं माणूस एक दिवस येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपण फसवलं गेलो असं वाटतं.

गुलाल आणि फोटो ही गोष्ट मात्र वेगळी धरा. तो मतभेद नाही, राजकारणही नाही, तो अपमान आहे. संशोधनातलं काहीही त्याच्यावर लागू करायची गरज नाही. पुतण्यानं चुलत्याला गद्दार म्हटलं, तर पुतण्यानं येऊन पाया पडावं. तो पंचविशीतला असेल, त्याला अजून वाकता येतं. हे भावजींकडे मागू नका, जाऊबाईंकडे मागा. बाप पोराला बोलला तर त्यात पक्ष येईल, आई बोलली तर येणार नाही. (सगळं शिवत बसायचं काम दोन्ही घरच्या बायकांनीच का करायचं, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही आला. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.)

तिसरी गोष्ट मांडवातली, आणि ही मी हट्टानं सांगतो. पत्रिकेत एकाही नेत्याचं नाव नको. 'प्रमुख उपस्थिती' नको. मंगलाष्टकांच्या आधी माईकवरून 'आपल्या सर्वांचे लाडके' असा पुकारा आणि शाल-नारळ नको. आपल्या मराठवाड्यात नवरदेव ताटकळतो, मुहूर्त टळतो आणि आमदार साहेबांची गाडी अजून फाट्यावर असते. तुमच्याकडे तर दोन्ही बाजूंचे साहेब येतील. एकाचा सत्कार आधी झाला की तुमचं लग्न संपलं.

हे नुसतं माझं डोकं नाही. त्या 'विरोधी पक्षाचा जावई' प्रश्नाची २०१८ मध्ये क्लार, क्रुपनिकोव आणि रायन ह्या अभ्यासकांनी फेरतपासणी केली. त्यांनी प्रश्नात एवढंच घातलं की हा जावई राजकारणावर क्वचित बोलतो, किंवा सारखा बोलतो. तेव्हा लक्षात आलं की पुष्कळांना समोरच्या पक्षाचा माणूस तेवढा खटकत नाही, जेवढा उठता-बसता राजकारण बोलणारा खटकतो. आपल्याच पक्षाचा असला तरी तो नको असतो! तुमच्या गावातही सत्तर-ऐंशी उंबरे असे असतील की ज्यांना दोन्ही भावांची कटकट झाली आहे. त्यांना मांडवात एक दिवस सुखानं जेवू द्या.

मुलीच्या प्रश्नाला धरून एवढं सांगतो, की हे सगळे आकडे तिकडचे आहेत. तिकडे दोन पक्ष, आपल्याकडे पक्ष, त्यांचे तुकडे, वर जात, भावकी, साखर कारखाना आणि ग्रामपंचायत. लिलियाना मेसन ह्या अभ्यासक सांगतात की माणसाची एक ओळख दुसरीला छेद देत असली तर राग मर्यादेत राहतो. पक्ष वेगळा पण देऊळ एक, जात वेगळी पण तालीम एक, असं असलं की बरं. सगळ्या ओळखी एकाच रेषेत आल्या, की धोका. २०२३ पासून बीड-जालन्याकडे आरक्षणावरून जे झालं, चहा प्यायच्या आधी टपरी कोणाची ते बघायची वेळ काही ठिकाणी आली, ती ह्या रेषा एकात एक आल्यामुळे. तुमच्या घरात तसं नाही. पक्ष सोडला तर बाकी सगळ्या ओळखी दोघांच्या सामाईक आहेत: आडनाव, कुलदैवत, बांध. परळीत बहीण-भाऊ २०१४ आणि २०१९ ला एकमेकांविरुद्ध विधानसभा लढले आणि २०२४ च्या लोकसभेला भावानं बहिणीचा प्रचार केला, तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. नेत्यांना परत येता येतं. वाट बंद होते ती खाली झेंडा धरणाऱ्यांची.

प्रत्येक दुरावा मिटवायचाच असतो असं मात्र मी मानत नाही. हे मी एरवी लिहिलं नसतं, पण तुमच्या पत्रानं आठवलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हा मी औरंगाबादला शिकत होतो. खोलीतला माझा मित्र गावी निघून गेला. मी कुठल्या मोर्चात नव्हतो, पण त्याच्यासोबत स्टँडपर्यंतही गेलो नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाल्यावर मी त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तिथं 'दोन्ही बाजूंनी समजून घ्या' म्हणणं लबाडी झाली असती. एकाचं घर जळालं होतं, दुसऱ्याचं नाही. तुमच्याकडे तसं काही जळालेलं नाही. एक फोटो आहे, थोडा गुलाल आहे आणि एक कोरडा बोअर.

मालकांशी बोलायचं तर थोडंच बोला, आणि विचारा जास्त. २०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मायामीत स्वयंसेवक दारोदार गेले, वाद न घालता दहा मिनिटं बसले, समोरच्याला विचारलं की तुम्हाला कधी कोणी असं वेगळं पाडलं होतं का, आणि स्वतःचंही सांगितलं. तृतीयपंथी व्यक्तींबद्दलच्या मनातल्या अढीत पडलेला फरक तीन महिन्यांनीही टिकून होता. धाकटीला हेही सांगा की ह्याच दोघांनी एका सहकाऱ्याबरोबर अशाच दारोदारच्या गप्पांवरचा आधीचा एक गाजलेला शोधनिबंध बनावट आकड्यांवर उभा असल्याचं उघड केलं होतं आणि तो मागे घेतला गेला होता. संशोधन म्हटलं की मान डोलवायची नसते, हे तिला एम.ए. संपायच्या आत कळलेलं बरं.

तर रात्री मोटर चालू करायला मालक निघतील तेव्हा तुम्हीही बॅटरी घेऊन सोबत जा. विहिरीवर बसल्यावर विचारा, 'तुम्हाला पोहायला कोणी शिकवलं?' मला त्याचं उत्तर माहीत नाही, पण तुम्हाला बहुतेक माहीत असेल. ते बोलतील तेवढं ऐका. लग्नाचा विषय त्या रात्री काढू नका.

आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा एवढं कळवा, की डीपीची वर्गणी गोळा करायला गावात कोण फिरलं होतं. मला राहून राहून वाटतंय की ते दोघंच असावेत, एक वरच्या आळीत आणि एक खालच्या.